मृगाच्या आधी एक सुई

एचआयव्हीवरच्या उपचारांच्या, म्हणजे एआरटीच्या केंद्रात गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाला दर खेपेला चार प्रश्न विचारले जातात. खोकला आहे का? ताप येतो का? वजन घटलंय का? रात्री घाम येतो का? चारांपैकी एकालाही 'हो' उत्तर आलं, की क्षयाच्या तपासणीला पाठवतात. मग केंद्राच्या व्हाइट कार्डावर नोंद होते, रुग्णाजवळच्या हिरव्या पुस्तकात पुढची तारीख पडते, औषधाच्या खिडकीवरून डब्या हातात येतात आणि माणूस एसटीची वेळ गाठायला निघतो. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना आता तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. त्यामुळे खेपा कमी झाल्या आणि कामावरचे खाडे वाचले.

या चार साध्या प्रश्नांमुळे क्षय लवकर सापडतो, आणि वेळेवर सापडलेला क्षय बरा होतो. याच रांगेत पाचवा प्रश्नही विचारला गेला पाहिजे, आणि तो अजून आपल्या अंगवळणी पडलेला नाही : यंदाची फ्लूची लस घेतली का? हाच प्रश्न खिडकीच्या आतल्या बाजूलाही लागू आहे. गोळ्या देणारा फार्मासिस्ट, रक्त काढणारा तंत्रज्ञ, समुपदेशक, डॉक्टर, फरशी पुसणाऱ्या मावशी आणि स्ट्रेचर ढकलणारे मामा, यांनी ती घेतली आहे का?

रुग्णालयात काम करणारा माणूस आणि एचआयव्हीसह जगणारा माणूस, या दोघांना फ्लूची लस दर वर्षी, पावसाआधी आणि मोफत मिळाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ती घेण्यासाठी वेगळी खेप, वेगळा खर्च आणि वेगळं धैर्य लागता कामा नये.

मानमोडीपासून पुण्यापर्यंत

नाक गळायला लागलं, घसा धरला, की आपण 'फ्लू झालाय' म्हणून मोकळे होतो. इन्फ्लुएंझाचं दुखणं त्याहून पुष्कळ दांडगं असतं. ताप एकदम चढतो, अंग ठणकतं, कोरडा खोकला छाती सोलून काढतो आणि उठून न्हाणीघरापर्यंत जायचं त्राण राहत नाही. धडधाकट माणूस बहुधा आठवडाभरात हिंडू-फिरू लागतो. काहींच्या बाबतीत मात्र विषाणू फुप्फुसात उतरतो, त्याच्या मागोमाग जिवाणू शिरतात आणि न्यूमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनविकारांनी जगात दर वर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसं दगावतात.

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. जून १९१८ मध्ये मुंबईत पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली आणि तिने गावंच्या गावं आडवी केली. जुन्या माणसांच्या तोंडी तिचं नाव होतं 'मानमोडी'. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली.

नव्वद वर्षांनी पुन्हा तीच भीती पुण्याने पाहिली. ३ ऑगस्ट २००९ रोजी शाळेत जाणारी एक मुलगी पुण्यात दगावली. स्वाइन फ्लूने झालेला देशातला तो पहिला मृत्यू. त्यानंतरचे आठवडे पुणेकर विसरलेले नाहीत. शाळा, कॉलेजं, चित्रपटगृहं बंद झाली. औषधांच्या दुकानांतून मास्क संपले. घशाचा नमुना द्यायला नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. सुरुवातीच्या मृतांमध्ये एक आयुर्वेदिक डॉक्टर होते आणि एक औषधविक्रेते होते. दोघांचंही काम दिवसभर खोकणाऱ्या माणसांच्या समोर उभं राहण्याचं.

१० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ संपल्याचं जाहीर केलं. विषाणू मात्र कुठे गेला नाही. तो दर वर्षी येणाऱ्या फ्लूंपैकी एक होऊन बसला. २०१५ मध्ये त्याने देशात ४२,५९२ जणांना गाठल्याची नोंद झाली आणि २,९९० जण मरण पावले. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात सातशेहून अधिक मृत्यू झाले. हे फक्त तपासणी झालेल्यांचे आकडे. तालुक्याच्या दवाखान्यात 'न्यूमोनिया' एवढाच शेरा पडून गेलेला माणूस त्यांत सापडत नाही.

या कहाणीत पुण्याची जागा निराळी आहे. १९५२ मध्ये 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, पुण्यात आहे. देशातला फ्लूचा विषाणू ओळखणं आणि त्याच्या बदलत्या रूपावर नजर ठेवणं हे तिचं काम. १९९२ मध्ये 'राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था' म्हणून स्थापन झालेली संस्था भोसरीला आहे. लशी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट हडपसरला आहे. विषाणू ओळखणारे, एचआयव्हीचा अभ्यास करणारे आणि लस तयार करणारे असे सगळे एका शहराच्या परिसरात आहेत. एवढं असूनही त्याच शहरातल्या एखाद्या वॉर्डात तापाने फणफणलेला वॉर्डबॉय ड्युटी करत असेल आणि शेजारच्या खाटेवर सीडीफोर, म्हणजे प्रतिकारपेशींची संख्या, घसरलेला रुग्ण झोपलेला असेल, तर ज्ञानाची कमतरता आहे असं म्हणता येणार नाही. ते ज्ञान शेवटच्या दंडापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था अपुरी आहे.

भीतीचं तोंड कुठल्या दिशेला

एचआयव्ही आणि दवाखान्यातले कर्मचारी हे दोन शब्द एकत्र आले, की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांसमोर येतं : रुग्णापासून कर्मचाऱ्याला होणारा धोका. एचआयव्हीचं नाव निघताच शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, बाळंतिणीला दुसऱ्या रुग्णालयात धाडलं गेलं, केसपेपरवर लाल शाईने खुणा झाल्या. हे सगळं याच भीतीपोटी घडलं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, आणि अशा भेदभावाला कायद्याने मनाई झाली. कर्मचाऱ्यांना सुरक्षित वातावरण, हातमोजे वगैरे साधनं आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषधं देणं हेही त्याच कायद्याने संस्थांवर बंधनकारक केलं.

भीतीला आकड्यांसमोर उभं करून पाहू. एचआयव्हीबाधित रक्त लागलेली सुई टोचल्यावर संसर्ग होण्याचं प्रमाण साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. ७२ तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या, की तो धोका आणखी घटतो. रुग्ण नियमित उपचार घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला असेल, तर मुळात धोका फारच थोडा उरतो.

आता उलट्या दिशेचा धोका पाहा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९९३-९४ च्या हिवाळ्यात फ्लूची साथ होती. त्या मोसमात रुग्णालयातल्या ५१८ कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं गेलं. १२० जणांच्या रक्तात फ्लू होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे शंभरात तेवीस. या बाधितांपैकी ५९ टक्के लोकांना आपल्याला फ्लू झाल्याचं आठवतही नव्हतं. २८ टक्क्यांना तर त्या हिवाळ्यात सर्दी-खोकल्याचं कुठलंच दुखणं झाल्याचं स्मरत नव्हतं. ही माणसं कामावर येत होती, रुग्णांची नाडी धरत होती, त्यांच्या उशा सारख्या करत होती.

खाटेवरच्या रुग्णापासून नर्सला एचआयव्ही होईल या भीतीपायी आपण कित्येक वर्षं रुग्णांना अपमानित केलं. नर्सपासून त्याच रुग्णाला फ्लू होऊ शकतो, हा त्याहून कितीतरी जवळचा धोका मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हता. यात नर्सचा दोष नाही. लस तिला कुणी दिली नाही, आणि आजारी पडल्यावर रजाही कुणी दिली नाही.

गोळ्या चालू असल्या, तरीही

'माझा व्हायरल लोड टार्गेट नॉट डिटेक्टेड आहे, विषाणू तपासणीत सापडतही नाही, मग मला फ्लूची काय भीती?' हा प्रश्न रास्त आहे. १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ रुग्णालयांत सरकारी मोफत एआरटी सुरू झाली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांतलं एक. त्या दिवसापासून आजपर्यंत फार मोठा पल्ला गाठला गेला आहे. २०१७ पासून सीडीफोर कितीही असो, निदान होताच उपचार सुरू होतात. नियमित गोळ्या घेणारा माणूस आज संसार करतो, नोकरी करतो, मुलांची लग्नं लावतो, म्हातारा होतो.

म्हातारा होतो, हे महत्त्वाचं. २००४-०५ मध्ये पस्तिशीत गोळ्या सुरू केलेली माणसं आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. एचआयव्हीच्या जोडीला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार येऊ लागले आहेत. कुणाच्या फुप्फुसावर जुन्या क्षयाने वण ठेवलेत. फ्लू बळावण्याची ही सगळी कारणं एकाच शरीरात जमा होतात. दुसरीकडे, आजही कित्येकांचं निदान उशिरा होतं. केंद्रात पहिल्यांदा येतात तेव्हा सीडीफोर दोनशेच्या खाली गेलेला असतो. काहींचे उपचार मध्येच सुटतात. ऊसतोडीला गेलेला, बांधकामाच्या साइटवर गेलेला माणूस दोन-चार महिने गोळ्यांवाचून राहतो. अशा शरीराला फ्लू फार महागात पडतो, आणि प्रतिकारशक्ती कमी असल्याने विषाणू त्याच्या शरीरात जास्त दिवस टिकतो, त्यामुळे तो दुसऱ्यांनाही जास्त दिवस फैलावू शकतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा दक्षिण आफ्रिकेतून येतो, कारण एचआयव्हीचा भार तिथे मोठा आहे आणि नोंदी काटेकोर आहेत. २००९ ते २०११ या काळात तिथल्या रुग्णालयांमध्ये केलेल्या पाहणीत दिसलं, की फ्लूने गंभीर होऊन दाखल होण्याचं प्रमाण एचआयव्हीसह जगणाऱ्यांत इतरांच्या चार ते आठ पट होतं. ते रुग्णालयात जास्त दिवस राहिले, आणि फ्लूच्या जोडीला न्यूमोकोकस जिवाणूचा संसर्गही त्यांच्यात अधिक आढळला.

लस उपयोगी पडते का, याचं उत्तरही त्याच देशाने दिलं. २००८ च्या मोसमात जोहान्सबर्गमध्ये एचआयव्ही असलेल्या ५०६ प्रौढांवर चाचणी झाली. निम्म्यांना खरी लस आणि निम्म्यांना नुसतं खारं पाणी. कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. तपासणीने सिद्ध झालेला फ्लू लस घेतलेल्यांत सुमारे ७५ टक्क्यांनी कमी आढळला. सहभागी थोडे असल्यामुळे या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे, पण कल कुठे आहे हे स्पष्ट दिसतं. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गरोदर स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीतही एचआयव्ही असलेल्या मातांना लशीने निम्म्याहून अधिक संरक्षण दिल्याचं दिसलं.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सीडीफोर फार खाली असेल, तर लशीला शरीराचा प्रतिसाद कमी मिळतो. म्हणून लस हा एआरटीचा पर्याय कधीच होऊ शकत नाही. आधी गोळ्या, आणि त्यांच्या सोबतीने लस. पूर्वी अशीही शंका होती, की लस टोचल्यावर व्हायरल लोड वाढेल. काही जुन्या अभ्यासांत तो तात्पुरता वाढल्याचं दिसलं होतं. नियमित उपचार घेणाऱ्याने मात्र त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवायची. फ्लूच्या लशी दोन तऱ्हेच्या असतात. दंडात टोचली जाणारी लस मृत विषाणूंपासून केलेली असते. नाकात फवारायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. २०१० मध्ये पुण्याच्या सीरमने स्वाइन फ्लूविरुद्ध अशी नाकात फवारायची लस बाजारात आणली होती. प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना फवाऱ्याची लस देत नाहीत. एचआयव्हीसह जगणाऱ्याने टोचायचीच लस घ्यावी. अर्ध्या मिलिलिटरचा डोस, आधीच भरून आलेली सिरिंज, बोटभर लांबीची. तिच्या खोक्यावर ती कुठल्या मोसमाची आहे ते वर्ष छापलेलं असतं. ते वर्ष वाचून घ्यावं. गेल्या मोसमातला उरलेला डोस यंदा कामाचा नाही.

पांढऱ्या कोटाची ढाल

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या अभ्यासात रुग्णालयातल्या २६४ तरुण कर्मचाऱ्यांना तीन मोसम पाहिलं गेलं. ज्यांना फ्लूची लस मिळाली त्यांच्यात इन्फ्लुएंझा ए ८८ टक्क्यांनी आणि बी ८९ टक्क्यांनी कमी आढळला. तब्येतीने ठणठणीत असलेल्या तरुणांमधला हा आकडा आहे. सर्वसाधारण समाजात, लशीतला विषाणू आणि गावात फिरणारा विषाणू जुळले, तर आजार टळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के असतं. न जुळल्यास त्याहूनही कमी.

कर्मचाऱ्यांनी लस घेतली तर रुग्ण वाचतात का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि ते लपवण्याचं कारण नाही. २००० मध्ये स्कॉटलंडमधल्या वृद्धांच्या २० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचाऱ्यांना लस देऊ केली होती तिथे १३.६ टक्के रुग्ण दगावले. जिथे दिली नव्हती तिथे २२.४ टक्के. तरी हे जास्तीचे मृत्यू फ्लूमुळेच झाले, असं तपासण्यांतून सिद्ध करता आलं नाही. म्हणून काही संशोधक या अभ्यासावर विसंबून कर्मचाऱ्यांवर सक्ती करू नये असं म्हणतात. त्यांच्या मुद्द्यात दम आहे. पण कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या संरक्षणाबद्दल वाद नाही, आणि माझ्या लेखी तेवढं कारण पुरेसं आहे. नर्सला लस द्यायची ती सर्वप्रथम तिच्यासाठी. तिच्या घरी सासू आहे, तान्हं मूल आहे, आणि तिचीही फुप्फुसं इतरांसारखीच आहेत.

अमेरिकेत सिअॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांना फ्लूची लस सक्तीची केली. आधी ती निम्म्याच जणांनी घेतलेली असायची. पहिल्याच वर्षी प्रमाण ९७ टक्क्यांच्या पुढे गेलं. आपल्याकडे सक्तीपेक्षा सोय करून द्यावी, असं मला वाटतं. लस वॉर्डात आली पाहिजे. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या सिस्टरला ड्युटी संपल्यावर लसीकरण कक्षात जाऊन नंबर लावायला सांगितलं, तर रात्रपाळीवाली कधीच जाणार नाही. लसीकरण करणाऱ्याने ट्रॉली घेऊन कॅज्युअल्टीत, आयसीयूत, लेबर रूममध्ये फिरावं. ट्रॉलीवर थंड पेटी असावी, कारण ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवावी लागते आणि गोठली तर वाया जाते. दहा मिनिटांत एका वॉर्डाचं काम होतं.

'मला काही होत नाही'

२०१० च्या सुरुवातीला केंद्र सरकारने स्वाइन फ्लूच्या लशीचे १५ लाख डोस परदेशातून मागवले ते मुख्यत्वे आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. साथीची भीती ताजी होती, लस मोफत होती, तरीही अनेक डॉक्टर आणि परिचारिकांनी ती घेणं टाळलं. कारणं तेव्हा होती तीच आजही वॉर्डात ऐकू येतात.

'मला काही होत नाही, रोज पन्नास पेशंट तपासतो.' ग्लासगोचा अभ्यास हे त्यावरचं उत्तर आहे. ज्यांना काही होत नाही असं वाटतं, त्यांनाच पुष्कळदा होऊन गेलेलं असतं.

'लस घेतली आणि त्याच आठवड्यात फ्लू झाला.' मृत विषाणूच्या लशीने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. लशीचं संरक्षण उभं राहायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि साथ सुरू झाल्यावर घाईने घेतलेली लस त्या मधल्या काळात कुणाला वाचवू शकत नाही. शिवाय सर्दी-तापाचे इतर ढीगभर विषाणू पावसाळ्यात फिरत असतात.

'लशीने अर्धांगासारखं काही होतं म्हणतात.' हा प्रश्न आता पुण्यात जास्त विचारला जातो. १९७६ मध्ये अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोकांना त्या वेळच्या स्वाइन फ्लूची लस दिली गेली, आणि सुमारे लाखात एक या प्रमाणात गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) जास्तीचे रुग्ण आढळले. ती मोहीम थांबवावी लागली. त्यानंतरच्या लशींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं गेलं. आजच्या लशींत हा धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन एवढाच. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता आणि नांदेड गाव परिसरात जीबीएसचे जे रुग्ण सापडले, त्यांचा संबंध दूषित पाण्याशी आणि पोटाच्या संसर्गाशी होता, फ्लूच्या लशीशी नव्हता. फ्लूच्या आजारानंतरही जीबीएस होऊ शकतो, हेही सांगितलं पाहिजे.

चौथं कारण फारसं कुणी बोलून दाखवत नाही. खाजगीत या लशीला साधारण दीड-दोन हजार रुपये पडतात. निवासी डॉक्टर ते देईल. ठेकेदारामार्फत आलेल्या सफाई कामगाराच्या पगारात ते बसत नाहीत. तो हजेरीपटावर रुग्णालयाचा माणूस नसतो, त्यामुळे रुग्णालयाच्या लसीकरणाच्या यादीतही त्याचं नाव नसतं. आजारी पडून घरी राहिला तर रोज बुडतो, म्हणून ताप अंगावर काढून कामाला येतो. थुंकी, उलट्या, कफाने भरलेली भांडी हाताळणारा तोच. लशीची यादी करताना पहिलं नाव त्याचं असायला हवं.

एचआयव्हीसह जगणाऱ्याची अडचण आणखी निराळी. खाजगी दवाखान्यात 'फ्लूची लस द्या' म्हटल्यावर 'का हो, काही आजार आहे का?' असा प्रश्न येतो. उत्तर द्यायला तो बांधील नाही. संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला कायद्याने बंदी आहे. पण गावात एकच डॉक्टर असतो, त्याचा कंपाउंडर भावकीतला असतो, आणि ज्याने वीस वर्षं हे घराबाहेर जाऊ दिलेलं नाही तो एका सुईसाठी धोका पत्करत नाही. एआरटी केंद्रात मात्र त्याला काही सांगावं लागत नाही. तिथल्या टेबलावर त्याचं व्हाइट कार्ड उघडं पडलेलं असतं. म्हणून त्याची लस तिथेच असली पाहिजे.

कौलं कधी चाळायची

युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून तिथे लस सप्टेंबर-ऑक्टोबरात घेतात. आपण त्यांचं कॅलेंडर उचललं, तर चुकतो. एनआयव्ही आणि देशभरातल्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या नमुन्यांतून दिसलं, की काश्मीरसारखा भाग वगळता भारतात बहुतेक ठिकाणी फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो. महाराष्ट्रात साधारण जुलै ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्च या काळात आणखी एक, बहुधा लहान, उसळी येते. वारी, दहीहंडी, गणपती अशी वर्षातली मोठी गर्दी याच पावसाळी महिन्यांत होते.

कौलारू घरातला माणूस मृग लागायच्या आत कौलं चाळून घेतो. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढण्यात अर्थ नसतो, आणि गेल्या साली चाळली म्हणून यंदा चालत नाही. फ्लूच्या लशीचं अगदी तसंच आहे. विषाणू दर वर्षी रूप बदलतो, लशीचं संरक्षण काही महिन्यांनी ओसरतं. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसून लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवतात : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. इन्फ्लुएंझा बी विषाणूचा यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर कुठे सापडलेला नाही, म्हणून २०२३ मध्ये तो लशीतून वगळण्याची शिफारस झाली आणि चार घटकांच्या लशीकडून पुन्हा तीन घटकांच्या लशीकडे जग वळू लागलं. दक्षिण गोलार्धासाठी ठरलेली लस आपल्या उन्हाळ्याच्या सुमारास उपलब्ध होते. महाराष्ट्रासाठी मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा ही तिची वेळ. ती हुकली तर उशिरा का होईना घ्यावी, पण नेम असावा तो मृगाचा.

यादीत नाव, टेबलावर लस

राज्याचा आरोग्य विभाग गेली काही वर्षं गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि फ्लूच्या रुग्णांची सेवा करणारे डॉक्टर-कर्मचारी यांना मोफत, ऐच्छिक लस देत आला आहे. हे पाऊल मोलाचं आहे. त्या यादीत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचं नाव ठळक अक्षरांत आलं पाहिजे, आणि कर्मचाऱ्यांची व्याख्या फ्लूच्या वॉर्डापुरती न ठेवता रुग्णालयाच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक कामगारापर्यंत वाढली पाहिजे. ठेकेदाराशी करार करताना लसीकरणाची अट त्यातच घालता येते. तापाने फणफणलेल्या माणसाला पगार न कापता दोन-चार दिवस घरी राहू देणं हाही संसर्ग रोखण्याचाच भाग आहे. लस आणि रजा यांतलं एकच दिलं, तर काम अर्धवट राहतं.

एआरटी केंद्रासाठी वेगळी मोहीम लागत नाही. तीन महिन्यांच्या गोळ्यांची तारीख आधीच ठरलेली असते. मार्च ते जून या काळात प्रत्येक स्थिर रुग्णाची किमान एक खेप होतेच. एप्रिलनंतरची खेप लशीची धरावी, सिरिंज तिथेच टोचावी, हिरव्या पुस्तकात एक ओळ वाढवावी. न्यूमोकोकसच्या लशीबद्दलही त्याच बैठकीत बोलता येईल.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. महाराष्ट्रात सुमारे चार लाख माणसं एचआयव्हीसह जगतात, देशात सुमारे २५ लाख. दर वर्षी एवढ्यांना लस म्हणजे मोठी खरेदी, यात शंका नाही. पण फेब्रुवारी २००१ आठवावा. तोवर एचआयव्हीच्या तिहेरी औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता, आणि गरीब देशांना हा उपचार परवडणारच नाही असं जगभरातले शहाणे सांगत होते. मुंबईच्या सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी. तीन वर्षांनी भारत सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली. किमती उतरल्या, कारण कुणीतरी मोठ्या प्रमाणावर औषध बनवायचं ठरवलं आणि सरकारने ते विकत घ्यायचं ठरवलं. फ्लूची लस देशात बनते. तिची किंमत एक-एक सिरिंज विकत घेणाऱ्यासाठी दीड-दोन हजार आहे. लाखांनी घेणाऱ्या सरकारने भाव ठरवायला बसावं.

ज्या राज्यात रोजची गोळी आयुष्यभर मोफत देऊन लाखो माणसांना मरणाच्या दारातून परत आणलं गेलं, त्याला वर्षातून एक सुई जड नाही. येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी वेगळी तरतूद व्हावी, एप्रिलपर्यंत खरेदी पुरी व्हावी, आणि मे उजाडताना लस प्रत्येक एआरटी केंद्रात आणि प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पोहोचलेली असावी. वाचकांपैकी जे रुग्णालयात काम करतात त्यांनी आपल्या अधीक्षकांकडे ही मागणी लेखी करावी. जे गोळ्या घेतात त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारावं, 'मला फ्लूची लस कधी देणार?' एकाने विचारलं तर विसरलं जाईल. महिनाभर रांगेतल्या प्रत्येकाने विचारलं, तर वरती अहवाल लिहावा लागेल.